तळघरातली उन्नुर

पत्ता धड नाही म्हणून मी कधी पत्र परत पाठवलं नाही. ही बढाई नाही. म्हणजे बढाईच आहे, पण खरी आहे. "लाल छपराचं घर, लंगड्या कुत्र्याच्या बाई" एवढ्या पत्त्यावर मी पाकीट नेऊन दिलेलं आहे, आणि तेसुद्धा त्या कुत्र्याचं माझ्याविषयीचं मत ठाऊक असताना. आइसलंडमधल्या आमच्या या गावात मी पोस्टमास्तर म्हणून अख्खी नोकरी काढली. त्यामुळे पालिकेच्या एगिलचा फोन आला आणि तो म्हणाला, "त्रिग्वी, तुझ्या तळघरात गरम पाण्याची जी काही यंत्रणा आहे ना, तिच्यातला प्रत्येक भाग कशाचा आणि काय काम करतो ते मला दाखवावं लागेल," तेव्हा मी बेफिकिरीनं म्हणालो, "त्यात काय, एका सकाळचं काम."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की तळघराचा दिवा कुठं लागतो हेसुद्धा मला माहीत नाही.

प्रकरण असं होतं. आमच्या चर्चमागच्या गल्लीतून पालिकेची गरम पाण्याची नवी लाइन जाणार होती. आमच्याकडे जमिनीतूनच गरम पाणी निघतं आणि त्यावर घरं तापतात. ज्यांच्या अंगणात स्वतःची जुनी बोअर आहे त्यांनी ती बुजवायची आणि नव्या लाइनला जोडून घ्यायचं. ठेवायचीच असेल तर दोन अटी. यंत्रणेतला एकही भाग अनोळखी असता कामा नये, आणि पाणी त्या एकाच घरात वापरलेलं असलं पाहिजे, बाहेर थेंब जाता कामा नये. एगिल हिवाळ्याच्या तोंडाशी तपासायला येणार होता. गल्लीतल्या बाकीच्यांनी कधीच हो म्हणून टाकलं होतं. नव्या लाइनचं पाणीही गरमच असणार होतं, आणि तक्रार करायला माणूस मिळणार होता.

पण आमची यंत्रणा उन्नुरनं बनवलेली होती. उन्नुर म्हणजे माझी बायको. या वसंतात ती गेली.

तिचे वडील मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचे. बोअर त्यांनी मारली, बाकीचं सगळं पुढं उन्नुरनं केलं. तिच्या हाताला वळण होतं, माझ्या अक्षराला. म्हणून लग्नानंतर आपोआप वाटणी झाली, वरचं घर माझं आणि तळघर तिचं. बंदरावर मोडीत निघालेलं काहीही ती सायकलवर बांधून आणायची आणि खाली घेऊन जायची. मग ठोकाठोकी ऐकू यायची, मग थोडी शिवीगाळ, मग घर ऊबदार व्हायचं. मी वर बसून ‘फार आवाज होतोय’ असं म्हणायचो. माझा वाटा एवढाच होता.

ती गेल्यावरसुद्धा तो आवाज थांबला नाही. सकाळी नळ्यांमधून गुडगुड होते, मग दोन ठोके पडतात, मग न्हाणीघराच्या भिंतीतून कोणीतरी खाकरल्यासारखं होतं. पहिल्या आठवड्यात मी तीनदा "कॉफी ठेवतो गं" असं जिन्यातून ओरडलो. आता ओरडत नाही, पण कॉफी दोन कप होते. ही यंत्रणा काढली तर घर थंड पडणार नव्हतं, हे मला समजत होतं. फक्त ती ऊब कुठल्या तरी पंपावरून आलेली असती, तिच्याकडून आलेली नसती. एगिलला हे सांगायचा मी प्रयत्न केला. तो म्हणाला, "समजतं रे. पण भाग ओळखून दे."

तर मी खाली उतरलो, पार्सलला बांधायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा घेऊन. निवृत्त होताना त्या माझ्या खिशात राहून गेल्या होत्या. प्रत्येक भागाला एक चिठ्ठी बांधायची आणि वर त्याचं काम लिहायचं, अशी माझी शास्त्रशुद्ध योजना होती. पहिल्याच भागापाशी योजना थबकली. तो दुधाचा कॅन होता. त्याच्या पोटाला बोटीच्या खिडकीची गोल काच बसवलेली होती, आणि काचेमागं मासेमारीच्या जाळ्याचा एक लाल गोळा पाण्यावर हळूहळू वरखाली होत माझ्याकडे बघत होता. त्याच्यापुढे बोटीवरचा एक भलामोठा व्हॉल्व्ह, त्याला दांडा म्हणून आमचा हरवलेला सूप वाढायचा डाव. त्याच्याखाली पितळेची एक पेटी होती, तिचं झाकण काढलं तर आत लोकर. नीट पाहिलं तर ती स्वेटरची बाही होती. आणखी नीट पाहिलं तर माझ्या आईनं मला लग्नात विणून दिलेल्या स्वेटरची. तो स्वेटर उत्तरेच्या सहलीत बसमध्ये राहिला असं उन्नुरनं मला सांगितलं होतं, आणि मी बस कंपनीला त्याबद्दल तीन कडक पत्रं लिहिली होती. बाही पाण्यातली वाळू गाळत होती. अतिशय चोख गाळत होती. मी चिठ्ठीवर ‘गाळणी’ असं लिहिलं, आणि ‘आई’ हा शब्द खोडला.

असं करता करता बहुतेक भागांना नाव मिळालं. तीन मात्र उरले. भिंतीपाशी तीन पितळी नळकांडी होती, प्रत्येकाला एक कॉक, आणि प्रत्येकातून एक नळी निघून भिंतीत शिरत होती. भिंतीपलीकडे घर नव्हतं, नुसती माती होती. दोन कॉक हात लागून लागून चकचकीत झालेले. तिसऱ्यावर कोळिष्टकं.

आमच्या गावात कुठलाही प्रश्न पडला की लोक पोहायच्या तलावावर जातात. पोहायला कोणी जात नाही. शेजारी गरम पाण्याचं कुंड आहे, त्यात गळ्यापर्यंत बुडून बसायचं आणि दुसऱ्याच्या घराविषयी बोलायचं. त्याआधी अंगावर चिंधी न ठेवता साबणानं आंघोळ करावी लागते, हा नियम आहे. त्यामुळे एगिलची आणि माझी या विषयावरची पहिली बैठक संपूर्ण नग्नावस्थेत झाली. सरकारी नोकरीत मी बऱ्याच अधिकाऱ्यांशी बोललो, पण डोळ्यांत साबण गेलेल्या अधिकाऱ्यासमोर आपली बाजू मांडणं वेगळंच असतं.

मग पोहायची चड्डी चढवून कुंडात उतरलो, तर लुद्विक आधीच बसलेला होता. लुद्विक चर्चची देखभाल बघतो आणि ऑर्गन वाजवतो, दोन्ही सारख्याच जोरानं. माझ्या शेजारची गुनवोरही होती, डोक्यावर लोकरीची टोपी घालून. ती काचघरात टोमॅटो पिकवते आणि गावाला त्याबद्दल विसरू देत नाही. मी हवेत हात करून नळकांड्यांचा आकार काढून दाखवला.

"हवा पकडायला असेल," एकजण म्हणाला.

"दाब सोडायला," दुसरा म्हणाला.

"दारू गाळायला," तिसरा म्हणाला. "तुझा सासरा बोटीवरचा माणूस. उगाच पितळ वाया घालवणार नाही."

गुनवोर म्हणाली, "मी तुझ्या जागी असते तर हात लावला नसता."

"अगं पण ओळखायचंय मला."

"बाईच्या वस्तू आहेत. असू देत जशा आहेत तशा."

लुद्विकनं जोरात मान हलवली. मला भरून आलं. गेलेल्या माणसाविषयी एवढी कणव आपल्या गल्लीत आहे हे मला ठाऊक नव्हतं. पण कणव वेगळी आणि तपासणी वेगळी. घरी येऊन मी पहिला कॉक बंद केला. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांपैकी कुठला थंड पडतो ते बघायचं, म्हणजे नळी कुठं जाते ते कळेल, असा माझा हिशेब होता. एकही पडला नाही. सगळं घर मस्त गरम. मी चिठ्ठीवर ‘निरुपयोगी?’ असं लिहिलं आणि निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी गुनवोर तळलेल्या गोड वेढ्यांचं ताट घेऊन आली. तिनं कॉफी घेतली, हवेबद्दल बोलली, पुन्हा कॉफी घेतली, मग विचारलं, "तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"तुझी नाही रे. तळघराची."

मी म्हणालो तळघरही बरं आहे. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. "माझे टोमॅटो माना टाकून बसलेत," ती म्हणाली. "काल संध्याकाळपासून." मी टोमॅटोंविषयी मनापासून दुःख व्यक्त केलं. ती उठली, ताट उचललं, त्यात उरलेले दोन वेढेही परत घेतले आणि गेली. माझ्या डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही. मी तो कॉक उघडला आणि पद्धतशीरपणे दुसरा बंद केला.

त्या रविवारी बर्फ पडला नव्हता, पण कडक गारठ्यानं जमिनीवरची ओल गोठली होती. प्रार्थना संपवून पाद्री लोकांशी हात मिळवायला दारात आला, चर्चच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि शेवटच्या पायरीवर बसलेला सापडला. प्रार्थनेचं पुस्तक छातीशी, चेहरा शांत. त्याला काही लागलं नाही. पण गल्लीतल्या कोणालाही आठवेना की त्या पायऱ्यांवर याआधी कधी बर्फ धरला होता. लुद्विक ऑर्गनवरून धावत आला, त्यानं पायरीला हात लावून पाहिला, आणि मग सगळ्यांच्या डोक्यावरून थेट माझ्याकडे बघितलं.

दुपारी तो आणि गुनवोर दोघं माझ्या स्वयंपाकघरात आले आणि बूट काढून ओळीनं बसले.

"उन्नुर सोडायची पाणी," लुद्विक म्हणाला. "घरात वापरून झालेलं. तुझे रेडिएटर तापवून जे उरायचं ते."

"किती वर्षं?"

"बरीच."

"आणि मला कोणी बोललं नाही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुनवोर म्हणाली, "तिनंच बजावलं होतं. त्रिग्वीला सांगू नका, तो लिहील."

"कुठं लिहील?"

"कुठंही. तू लिहितोस रे, त्रिग्वी. सख्ख्या चुलतभावानं वापरलेलं तिकीट पुन्हा चिकटवलं तर तू वर कळवलंस. नाताळात मी जॅमची बरणी दिली, तर सरकारी नोकराला भेट चालत नाही म्हणून तू ती पोस्टानं परत केलीस. मी शेजारी राहते."

ते खरं होतं. बरणीला पोचपावतीही लावली होती. मी खाली जाऊन दुसरा कॉक उघडून आलो. माझा मान दुखावला होता, आणि दुखावलेला मान घेऊन मी वरच्या खोलीत जाऊन बसलो, पण खरं दुखणं दुसरंच होतं. या गल्लीतले टोमॅटो तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते. एका छपराखाली एवढा काळ काढला, रोज रात्री तिचे गार पाय माझ्या पायांवर असायचे, आणि ती दिवसभर कोणाकोणाला ऊब पाठवत होती ते मला तिच्या मरणानंतर पाद्री घसरल्यावर कळलं. तिनं मला सांगायला हवं होतं असं वाटलं. मग सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते आठवलं. ती समोर असती तर भांडलो तरी असतो. भांडायलासुद्धा आता घरात कोणी नव्हतं.

उरलं तिसरं नळकांडं. "याच्याबद्दल खरंच माहीत नाही," लुद्विक म्हणाला. गुनवोरनंही कानावर हात ठेवले. मी कोळिष्टकं झाडली आणि कॉक उघडला. नळीत बराच वेळ घरघर झाली, मग पाणी वाहायला लागल्याचा आवाज आला. घरात काही बदललं नाही. गल्लीतून कोणी तक्रार घेऊन आलं नाही, कोणी आभार मानायलाही आलं नाही. पाणी जात होतं आणि कुठं जात होतं ते देवाला ठाऊक. मी रोज खाली जाऊन त्या नळीला कान लावायचो. टपाल खात्यात असं पार्सल फार तर एकदा येतं, ज्याच्यावर नाव नाही, गाव नाही, आणि परत पाठवायचं तर पाठवणाराही राहिलेला नाही.

आणि एगिलचा निरोप आला की तो उद्या येतोय. आता माझ्यापुढे पेच असा की दोन भाग ओळखले होते, पण त्यांचं काम सांगितलं तर बोअर बुजणार. तिसऱ्याचं काम माहीत नाही, म्हणून बोअर बुजणार. मी आयुष्यात सरकारी माणसाला खोटं सांगितलेलं नव्हतं. त्याचा सराव करायलाही वेळ नव्हता.

त्या रात्री मोसमातला पहिला बर्फ पडला. सकाळी दार उघडलं तर सगळी गल्ली पांढरी, आणि त्या पांढऱ्यावर तीन काळ्या ओल्या रेषा. आमच्याकडे जमिनीत गरम नळी कुठं पुरली आहे ते बघायला कोणी खणत नाही. बर्फ पडेपर्यंत थांबतात. नळीच्या वर बर्फ टिकत नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मी महिनाभर नळीला कान लावून बसलो होतो.

पहिली रेष गुनवोरच्या काचघराकडे गेली होती. मध्ये तिचा रुबार्बचा वाफा लागतो, त्याला उन्नुरनं व्यवस्थित वळसा घातलेला होता. दुसरी सरळ चर्चच्या पायऱ्यांकडे. तिसरी फाटकातून बाहेर पडून गल्लीच्या कडेनं खाली उतरत होती. मी घरातल्या सपातांवरच तिच्या मागं निघालो. लोहाराच्या जुन्या शेडपाशी ती वळली, टेलिफोनच्या खांबाच्या बाजूनं गेली आणि जुन्या पोस्टाच्या मागच्या दारापाशी जाऊन थांबली. आता तिथं सिग्नीचं लोकरीचं दुकान आहे. दारापुढे एक दगडी पायरी आहे. गल्लीभर बर्फ होता आणि पायरी कोरडी होती.

त्या पायरीवर मी नोकरीतल्या सगळ्या हिवाळ्यांत पहाटे टपालाच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो. ती कधी गोठली नाही. कारण मी तिच्यावर माझ्या पद्धतीनं मीठ टाकायचो, जाड आणि बारीक ठरावीक प्रमाणात मिसळून. त्या मिश्रणावर मी गावात भाषण दिलेलं आहे. घरच्या पायरीवर तेच मिश्रण टाकूनही बर्फ धरायचा, तेव्हा मी उन्नुरला म्हणायचो की तू मीठ हलक्या हातानं टाकतेस. ती म्हणायची, "असेल बाई, मला कुठं तुझ्यासारखं जमतं." एका उन्हाळ्यात टेलिफोनची केबल टाकायला गल्ली खणली होती, तेव्हा ती खणणाऱ्यांना रोज कॉफी आणि सुका मासा नेऊन द्यायची. मला वाटायचं, किती दयाळू बाई आहे. तिची नळी त्याच चरात पडली असणार. मी निवृत्त झालो त्या दिवशी तिनं तो कॉक बंद केला असणार, आणि मग त्याच्यावर जाळी धरली.

मी तिथं उभा राहून रडलो. सपातांमध्ये पाय भिजले होते आणि तळव्यांना खालून ऊब लागत होती.

"त्रिग्वी," मागून गुनवोरचा आवाज आला. तिच्या हातात फावडं होतं. "एगिलची गाडी बेकरीपाशी उभी आहे. तो एक बन खाईल, दुसरा सोबत घेईल आणि येईल. या रेषा त्याला दिसल्या तर संपलं सगळं. चल."

पुढच्या अर्ध्या तासात आमच्या गल्लीनं जे केलं ते आइसलंडमध्ये कोणी केलं नसेल. लोक दारापुढचा बर्फ काढतात, गाडीपुढचा काढतात. आम्ही गवतावरचा काढला. वाफ्यांवरचा, कुंपणाखालचा, चर्चच्या आवारातला, सगळा. लुद्विक ऑर्गन वाजवावा तसा फावडं चालवत होता. आजूबाजूला बर्फच राहिला नाही तर रेष कशी दिसणार? पहिली गेली, दुसरी गेली.

तिसरीपाशी मी फावडं घेऊन नुसता उभा होतो. बायकोनं मला लिहिलेली पत्रं नाहीत, कारण मी कधी परगावी राहिलो नाही. तिच्या हातचं माझ्या नावानं आलेलं एवढंच होतं, आणि ते मला मिळून पुरता तासही झाला नव्हता.

"राहू दे ना ही," मी म्हणालो.

गुनवोर जवळ आली. ती सहसा हळू बोलत नाही. "रेष ठेवायचीय की तळघर?" तिनं विचारलं. मग आपलं फावडं कुंपणाला टेकवून म्हणाली, "तू काढ. मी नाही काढत."

मी फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंचा बर्फ काढत गेलो.

एगिल आला तेव्हा सगळी गल्ली घामाघूम होऊन फावड्यांना टेकली होती. त्यानं उघड्या गवताकडे पाहिलं, फावडं धरलेल्या पाद्रीकडे पाहिलं, आणि हातातला बन खाली केला.

"तुम्ही हिरवळीवरचा बर्फ काढलात?"

"स्वच्छता," लुद्विक म्हणाला.

"पानगळीची पानं राहिली होती खाली," गुनवोर म्हणाली.

एगिल माझ्याबरोबर तळघरात उतरला. त्यानं चिठ्ठ्या वाचल्या. लाल गोळ्याकडे बराच वेळ बघत राहिला, बाहीवरून बोट फिरवलं. शेवटी भिंतीपाशी आला आणि एकेका नळकांड्यावर तळहात ठेवला. तिन्ही गरम होती.

"हे काय करतात?"

"वापरलेलं पाणी निवतं यांच्यात," मी म्हणालो.

"घराबाहेर जात नाही ना कुठं?"

आयुष्यभराची सरकारी नोकरी आडवी आली. ती बाजूला सारून मी म्हणालो, "नाही."

एगिल माझ्या ओल्या सपातांकडे बघत होता. "उन्नुरनं एकदा आमच्या आईची शेगडी दुरुस्त केली होती," तो म्हणाला. "अजून चालते. आत काय घातलंय ते आम्हाला कोणालाच माहीत नाही." त्यानं सही केली. जिना चढताना मागं न बघता म्हणाला, "दुपारी पुन्हा पडणार आहे म्हणतात. मी तोवर गावाबाहेर गेलेला असेन."

दुपारी खरंच पडला, सकाळपेक्षा जोरात. मी बूट चढवले, थर्मासमध्ये कॉफी भरली, दोन कप घेतले आणि गल्लीच्या कडेनं खाली गेलो. पायरीवर बसलो. टोपीवर बर्फ साचत होता, खांद्यांवर साचत होता, बुडाखालचा दगड कोरडा होता. थोड्या वेळानं मागचं दार उघडलं आणि सिग्नीनं विणकाम हातात घेऊनच डोकं बाहेर काढलं.

"त्रिग्वी? अरे इथं काय करतोयस? आत ये, गारठून जाशील."

"नाही गारठत," मी म्हणालो. "उन्नुरनं सोय केली आहे."